मेटाक्रिटिक आणि ओपनक्रिटिक: बेळगावातल्या कन्सोल ग्राहकाने गुणांवर किती विसंबावे?

कन्सोलवरच्या, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रावरच्या, नव्या, मोठ्या गेमची डिस्क आज साधारण चार ते पाच हजार रुपयांना पडते आणि बेळगावात एकदा सील फोडलेली डिस्क पूर्ण पैशांत परत घेणारा दुकानदार अजून माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे दुकानाची पायरी चढण्यापूर्वी मोबाइलवर गेमचे नाव घालून त्याला किती गुण पडले आहेत हे पाहण्याची सवय इथल्या खेळणाऱ्यांना लागली आहे. हे गुण देशोदेशीच्या समीक्षकांनी दिलेले असतात. ते गोळा करून एका आकड्यात मांडण्याचे काम प्रामुख्याने दोन संकेतस्थळे करतात. एक मेटाक्रिटिक, दुसरे ओपनक्रिटिक. दोन्ही फुकट आहेत, दोन्ही मोबाइलवर व्यवस्थित उघडतात. हे परीक्षण या दोन सेवांचे आहे आणि ते टिळकवाडीत राहणाऱ्या, घरात सोनीचा एक जुना पीएस४ (प्लेस्टेशन ४) आणि त्याच्या शेजारी एक पीएस५ बाळगणाऱ्या, नव्यापेक्षा जुन्या डिस्काच अधिक घेणाऱ्या ग्राहकाच्या बाजूने लिहिलेले आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. काय घेऊ नये हे या सेवा चांगले सांगतात. काय घ्यावे हे त्या सांगतात असे वाटते, पण त्यासाठी आकड्याच्या मागे बरेच खणावे लागते.

मेटाक्रिटिक दोघांत जुने. ते २००१ साली सुरू झाले, २००५ साली सीनेट (CNET) या कंपनीने विकत घेतले आणि मधल्या बऱ्याच उलाढालींनंतर २०२२ साली फॅन्डम या कंपनीने घेतले. त्याची पद्धत वरवर सोपी आहे. एखाद्या मासिकाने दहापैकी आठ गुण दिले तर ते ८० धरायचे, पाचपैकी तीन तारे दिले तर ६० धरायचे आणि अशा सगळ्या मतांची सरासरी काढून शंभरपैकी एक आकडा द्यायचा. ही सरासरी मात्र साधी नसते. कोणत्या प्रकाशनाच्या मताला किती वजन द्यायचे हे मेटाक्रिटिक स्वतः ठरवते आणि ते वजन जाहीर करत नाही. आकड्याला रंगही दिलेला असतो: गेमच्या बाबतीत ७५ आणि त्यापुढे हिरवा, ५० ते ७४ पिवळा आणि त्याखाली लाल. चित्रपटांसाठी त्याच संकेतस्थळावर ६१ पासूनच हिरवा रंग सुरू होतो. म्हणजे ६५ गुणांचा चित्रपट तिथे चांगला ठरतो आणि ६५ गुणांचा गेम संमिश्र. एकाच छपराखाली दोन मापे का, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळालेले नाही.

आपल्याकडच्या वाचकाने ही मापे नीट समजून घेण्याची गरज आहे, कारण गुण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर एसएसएलसीची, म्हणजे दहावीची, गुणपत्रिका येते. तिथे ३५ ला पास आणि ६० ला फर्स्ट क्लास. गेमच्या समीक्षेत मोजपट्टीचा खालचा अर्धा भाग जवळजवळ कोरा पडलेला असतो. मोठ्या कंपनीचा, ठीकठाक चालणारा, पण गेल्या वर्षीपेक्षा नवे काही न देणारा गेम सत्तरीत बसतो. साठीतला गेम म्हणजे समीक्षकाने हातचे राखून केलेली तक्रार समजावी. पाचपैकी तीन तारे देणारा समीक्षक बहुधा 'आवड असेल तर खेळून पाहा' एवढेच सांगत असतो, पण त्याचे मत मेटाक्रिटिकवर ६० होऊन पिवळ्या चौकटीत बसते आणि वाचणाऱ्याला ते नापसंतीसारखे दिसते. जपानच्या फॅमित्सू मासिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि बेरीज चाळीसपैकी होते. १९८६ साली सुरू झालेल्या या मासिकाने पहिले चाळीसपैकी चाळीस १९९८ साली 'द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम' या गेमला दिले. चौघांचे चार आकडे वेगवेगळे छापण्याची ही रीत मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ९, ९, ८, ५ असे दिसले की एकाला काहीतरी खटकले आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळते. सरासरीत तो पाच बेमालूम विरघळून जातो.

मेटाक्रिटिकची सर्वांत उपयोगी गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी क्षणाचाही विलंब न लावता सांगेन: ते प्रत्येक कन्सोलसाठी वेगळा आकडा देते. एकच गेम पीएस५ वर एका दर्जाचा आणि पीएस४ वर दुसऱ्याच दर्जाचा असू शकतो आणि सीमाभागातल्या आमच्यासारख्या ठिकाणी, जिथे निपाणीपासून खानापुरापर्यंत बऱ्याच घरांत अजून पीएस४ च चालू आहे, तिथे हा भेद थेट खिशाला लागतो. दुर्दैवाने हा भेद पानावरून दुकानापर्यंत पोहोचता पोहोचता गळून जातो. शहरातल्या एका दुकानात जुन्या डिस्कांच्या कव्हरावर किमतीच्या चिठ्ठीशेजारी हिरव्या स्केच पेनने गुण लिहून ठेवण्याची पद्धत आहे. कल्पना चांगली, हेतूही वाईट नाही. सुट्टीला आलेला माझा भाचा तिथे 'सायबरपंक २०७७' ची पीएस४ ची डिस्क हातात घेऊन म्हणाला, "मामा, हाच घेऊया की, शहाऐंशी लिहिलंय." कव्हर उलटून पाहिले तर कन्सोल पीएस४ आणि आकडा कॉम्प्युटरवरच्या आवृत्तीचा. मी ते दाखवून दिल्यावर दुकानातले अण्णा ट्यूबलाइटखाली दुसऱ्या कोणाच्या डिस्कवरचे चरे तपासत, मान वर न करता म्हणाले, "नेटवर पहिलं तेच येतंय ओ." त्यांचे चुकीचे नव्हते. गुगलवर पहिला आकडा तोच येत होता.

त्या एका डिस्कवर थोडे थांबण्यासारखे आहे, कारण या सेवांचे सामर्थ्य आणि दोष दोन्ही तिथे एकत्र दिसतात. हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना परीक्षणासाठी केवळ कॉम्प्युटरची आवृत्ती देण्यात आली होती. पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलची प्रत कोणालाच मिळाली नव्हती. कॉम्प्युटरवरच्या कौतुकाचे आकडे पाहून जगभर लोकांनी जुन्या कन्सोलसाठी आगाऊ पैसे भरले आणि प्रत्यक्षात पीएस४ वर गेम अडखळत, अधूनमधून बंद पडत चालू लागला. पुढे मेटाक्रिटिकवर कॉम्प्युटरच्या आवृत्तीचा आकडा ८६ वर स्थिरावला आणि पीएस४ चा ५७ वर. तब्बल २९ गुणांचा फरक. सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. तो परत आला जून २०२१ मध्ये. या प्रकरणात मेटाक्रिटिकचे वेगवेगळे आकडे अखेर खरे ठरले, पण ते खरे ठरेपर्यंत विक्री होऊन गेली होती. ओपनक्रिटिकने त्या गेमच्या पानावर वाचकांना सावध करणारी सूचना लावली, हे त्यांच्या श्रेयाचे आहे. यातून मी घेतलेला नियम सरळ आहे: ज्या कन्सोलसाठी गेम घ्यायचा त्याच कन्सोलवर समीक्षकाने तो खेळला आहे का, हे परीक्षणाच्या तळाशी लिहिलेले असते, तसे लिहिलेले नसेल तर आकडा कितीही मोठा असो, थांबावे.

दुसरा दोष अधिक खोल आहे आणि त्यावर सहसा कोणी बोलत नाही. मेटाक्रिटिक समीक्षकाचा पहिला आकडा धरते. पुढे त्याने मत बदलले तरी पानावरचा गुण बदलत नाही. यामागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण बदल मान्य केला तर कंपन्या समीक्षकांवर दबाव आणत राहतील. पण आजचा गेम ही प्रेसमधून छापून आलेली वस्तू राहिलेली नाही. 'नो मॅन्स स्काय' ऑगस्ट २०१६ मध्ये अपेक्षाभंग करत आला, पीएस४ वर त्याला ७१ गुण पडले आणि त्यानंतर त्याच्या निर्मात्यांनी वर्षानुवर्षे फुकट अपडेट देऊन तो पार बदलून टाकला. आज जुनी डिस्क घेऊन जो खेळेल त्याला वेगळाच गेम मिळेल. पानावर मात्र २०१६ चे ७१ जसेच्या तसे आहेत. उलट बाजूचे उदाहरण 'क्रॅश टीम रेसिंग नायट्रो-फ्युएल्ड' चे. जून २०१९ मध्ये परीक्षणे झाली, कौतुक झाले आणि ऑगस्टमध्ये कंपनीने त्यात खऱ्या पैशांनी नाणी विकत घेण्याची सोय घातली. ज्या आईवडिलांनी मुलांसाठी निरुपद्रवी शर्यतीचा गेम म्हणून तो आणला असेल, त्यांना गुणांच्या पानावरून याचा पत्ता लागला नसता. आणि केवळ ऑनलाइन खेळला जाणारा 'कॉन्कॉर्ड' तर २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला आणि ६ सप्टेंबरला बंदच झाला. सर्व्हर बंद, खेळणे संपले, गुण मात्र शाबूत.

ओपनक्रिटिक २०१५ साली सुरू झाले ते मेटाक्रिटिकच्या गुप्त वजनांना उत्तर म्हणूनच. इथे साधी सरासरी असते, कोणाला झुकते माप नाही, आणि त्याशेजारी आणखी एक आकडा असतो: किती टक्के समीक्षकांनी हा गेम घ्यावा असे सुचवले. हा दुसरा आकडा मला सरासरीपेक्षा जास्त कामाचा वाटतो. सरासरी ७८ आणि शिफारस नव्वद टक्के असेल तर गेम बहुतेकांना आवडतो, कोणी वेडे होत नाही. सरासरी तीच ७८ आणि शिफारस साठ टक्के असेल तर तो काहींना फार आवडतो आणि काहींना अजिबात नाही, तेव्हा आपण कोणत्या गटात बसतो हे परीक्षणे वाचून ठरवावे लागते. गुण न देता केवळ मत देणाऱ्या प्रकाशनांनाही तिथे जागा मिळते. युरोगेमरने २०१५ साली गुण बंद केले आणि २०२३ साली पाच ताऱ्यांकडे परत आले. मधली आठ वर्षे त्यांचे मत मेटाक्रिटिकच्या सरासरीत नव्हते. ओपनक्रिटिकचा मोठा तोटा म्हणजे तिथे सर्व कन्सोल एकाच आकड्यात मिसळलेले असतात. पीएस४ वाल्याने तिथल्या आकड्यावर डिस्क घेऊ नये, एवढे म्हणून पुढे जातो. त्याची मालकी २०२४ साली व्हॅलनेट या कंपनीकडे गेली आहे. गेमची परीक्षणे छापणारी अनेक संकेतस्थळे याच कंपनीची आहेत, तेव्हा निःपक्षपातीपणाकडे यापुढे थोडे लक्ष ठेवलेले बरे.

निःपक्षपातीपणाचा विषय निघालाच आहे तर हे आकडे केवळ ग्राहकासाठी नसतात हेही सांगायला हवे. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा २०१० सालचा गेम बनवणाऱ्या ऑब्सिडियन स्टुडिओला मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडल्यास बोनस मिळणार होता, पडले ८४, आणि बोनस हुकला. ही गोष्ट २०१२ साली त्या स्टुडिओच्या ख्रिस अवेलोन यांनीच उघड केली. ज्या आकड्याची वजने जाहीर नाहीत त्या आकड्याच्या एका गुणावर लोकांची मिळकत ठरावी, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कोणत्याही फाउंड्री कामगारालाही खटकेल. दबाव दुसऱ्या बाजूनेही येतो. गेमस्पॉटचे समीक्षक जेफ गर्स्टमन यांनी २००७ साली 'केन अँड लिंच: डेड मेन' ला दहापैकी सहा दिले, त्या वेळी त्याच गेमच्या जाहिराती गेमस्पॉटवर झळकत होत्या, आणि त्यानंतर लवकरच त्यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावाशी याचा संबंध होता हे त्यांनी २०१२ मध्ये, बोलण्यावरचे बंधन उठल्यावर, स्वतः सांगितले. म्हणून सगळे समीक्षक विकले गेलेले आहेत असा निष्कर्ष काढू नये. उलट त्या प्रकरणाची एवढी बोंब झाली यावरूनच बाकीच्यांनी काय जपले ते दिसते. मला स्वतःला पैशांपेक्षा घाईची भीती अधिक वाटते. प्रत आधी मिळते, छापण्याची वेळ कंपनी ठरवून देते, ती वेळ येताच एकाच तासात डझनावारी परीक्षणे बाहेर पडतात, आणि तीस-चाळीस तासांचा गेम काही दिवसांत संपवून लिहिणाऱ्या माणसाच्या मतात थकवा उतरल्याशिवाय राहत नाही.

खेळणाऱ्या लोकांनी दिलेले गुण, जे मेटाक्रिटिकवर दहापैकी दिसतात, त्यांच्याविषयी फार लिहावे असे काही नाही. १९ जून २०२० रोजी 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' आला. समीक्षकांनी ९३ दिले आणि पहिल्याच दिवशी लोकांनी शून्यांचा पाऊस पाडला, तोही वीस तासांहून मोठा गेम संपवणे शक्य नसताना. त्यानंतर मेटाक्रिटिकने गेम आल्यापासून ३६ तास लोकांची मते बंद ठेवण्याचा नियम केला. सुधारणा योग्य, पण पहिल्या महिन्यातला हा आकडा मी आजही वाचत नाही. सहा महिन्यांनी लिहिलेल्या, मधले गुण देणाऱ्या मतांत मात्र कधी कधी सोन्यासारखी माहिती सापडते: अमुक अपडेटनंतर अडखळणे थांबले, तमुक ठिकाणी सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला याची साठवलेली नोंद, खराब होते.

आता जे या आकड्यांत नसतेच त्याविषयी. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जाणे ही बातमी नसते. लाइट गेल्यावर कन्सोल परत चालू केला की तो आधी स्टोरेज तपासत बसतो आणि मग शेवटच्या सेव्हपासून सुरुवात. 'पर्सोना ५ रॉयल' ला पीएस४ वर ९५ गुण आहेत आणि माझ्या मते ते रास्त आहेत, पण त्याच्या महालांत ठरावीक सुरक्षित खोल्यांतच सेव्ह करता येते. जुलैत संध्याकाळी, वारा सुटलेला असताना तो खेळायला बसणे म्हणजे तासाभराच्या मेहनतीवर पाणी सोडण्याची तयारी ठेवणे. 'एल्डन रिंग' चे ९६ त्या बाबतीत निर्धास्त आहेत, कारण तो गेम पावलोपावली आपोआप सेव्ह करतो. पण त्यात सोपा-अवघड निवडण्याची सोयच नाही आणि ९६ पाहून तो आणणाऱ्या कितीतरी मुलांची डिस्क पंधरवड्यात एक्स्चेंजच्या ढिगात येऊन पडलेली मी पाहिली आहे. गेममध्ये खोट नसते, आकड्यातही नसते. तो आकडा कारागिरीचा असतो आणि ती मुले दुपारच्या वेळी भावंडांबरोबर चार घटका खेळायला काहीतरी शोधत असतात.

एका घरात चार चुलत भावंडे आणि कंट्रोलर दोन, ही आपल्याकडची नेहमीची परिस्थिती आहे. त्यामुळे माझ्यासाठी पहिला प्रश्न असतो तो एकाच टीव्हीवर किती जण खेळू शकतात हा, आणि तो गुणांच्या पानावर सापडत नाही, डिस्कच्या कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत सापडतो. 'इट टेक्स टू' हा २०२१ चा गेम दोघांशिवाय खेळताच येत नाही, पडदा दोन भागांत विभागलेला असतो, त्याला समीक्षकांनी भरभरून गुण दिले आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये तो सर्वोत्तम ठरला; माझ्या बहिणीच्या घरी तो अजून फिरतो आहे. तीच गोष्ट जागेची आणि इंटरनेटची. 'रेड डेड रिडेम्प्शन टू' ला ९७ गुण आहेत. पीएस४ साठी तो दोन डिस्कांवर येतो आणि शंभर जीबीहून अधिक जागा व्यापतो. पाचशे जीबीच्या जुन्या कन्सोलवर तो घालायचा तर आधी तीन गेम पुसावे लागतात आणि वर अपडेट उतरवायला खेड्यात मोबाइलच्या डेटावर किती दिवस लागतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा. लंडन-न्यूयॉर्कच्या समीक्षकाकडून ही अपेक्षा करणे गैर आहे हे मला मान्य आहे. म्हणूनच ही जबाबदारी दुकानदाराने आणि आपण घ्यायला हवी.

दोन ठिकाणी तर मी गुणांकडे जवळजवळ पाहतच नाही. पहिले ठिकाण क्रिकेट. ज्या देशांत गेमची समीक्षा मोठ्या प्रमाणावर लिहिली जाते, त्या अमेरिकेत आणि जपानमध्ये क्रिकेट फारसे कोणी खेळत नाही. त्यामुळे क्रिकेटच्या गेमला परीक्षणेच मोजकी मिळतात आणि मोजक्या मतांच्या सरासरीला अर्थ नसतो. ईए या कंपनीने २००६ च्या अखेरीस आणलेला 'क्रिकेट ०७' हा त्यांचा शेवटचा क्रिकेट गेम आपल्याकडे अजून लोक खेळतात, त्याला कोणी किती गुण दिले होते हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नसेल. दुसरे ठिकाण 'राजी: ॲन एन्शंट एपिक'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला हा गेम २०२० साली आधी निन्टेंडो स्विच या कन्सोलवर आणि मग पीएस४ आणि एक्सबॉक्सवर आला. भावाला शोधत निघालेली मुलगी, तिची गोष्ट सांगणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी किल्ल्यांसारखे महाल आणि पहाडी शैलीची चित्रे. समीक्षकांनी दृश्यांचे कौतुक केले, मारामारीच्या यंत्रणेत आणि एकाएकी संपणाऱ्या शेवटात दोष काढले आणि मते संमिश्र राहिली. दोष खरे आहेत. मारामारी जड आहे आणि शेवट खरोखरच अर्धवट वाटतो. पण भिंतीवर दशावतार रंगवलेला पाहून माझ्या आईने चहाचा कप हातात घेऊन थांबून पाहिलेला तो एकमेव गेम आहे आणि ही गोष्ट कोणत्याही सरासरीत बसणार नाही.

वापराची माझी पद्धत आता ठरून गेली आहे. नवा गेम आला की पहिला आठवडा काहीच घ्यायचे नाही. मग ओपनक्रिटिकवर शिफारशीचे टक्के पाहायचे, मेटाक्रिटिकवर आपल्या कन्सोलचे पान उघडायचे आणि सर्वांत वरचे, सर्वांत खालचे आणि मधले असे एकेक परीक्षण पूर्ण वाचायचे. खालचे परीक्षण बहुधा सर्वांत उपयोगी असते, कारण नावडीची कारणे माणूस नेमकी सांगतो, आणि ती कारणे आपल्याला लागू नसतील तर डिस्क निर्धास्तपणे घ्यावी. गेम अडखळतो का हे कळण्यासाठी डिजिटल फाउंड्रीचे व्हिडिओ पाहावेत. तिथे गुणांची भानगड नाही, कोणत्या कन्सोलवर सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रे, पडतात हे मोजून दाखवलेले असते आणि इंग्रजी फारसे येत नसले तरी आलेख समजतो. साठीच्या खालचा गेम, तो कितीही स्वस्त मिळाला तरी, मी घेत नाही; नव्वदीच्या वरचा गेम केवळ नव्वदीसाठी घेत नाही. पंच्याहत्तर ते पंच्याऐंशीच्या पट्ट्यात मात्र रेंगाळण्यासारखे पुष्कळ असते आणि तिथेच जुन्या डिस्का स्वस्तात मिळतात.

फुटबॉलच्या वार्षिक गेमसाठी तर कोणतेच संकेतस्थळ उघडण्याची गरज नाही. दरवर्षी तेच ते, थोडे कमी-जास्त, असेच परीक्षणांचे म्हणणे असते. आयजीएन या संकेतस्थळाने २०२० साली 'फिफा २१' च्या स्विचवरच्या आवृत्तीला दहापैकी दोन देताना आधीच्या वर्षीचेच परीक्षण पुन्हा छापले होते, कारण गेमही तोच होता. त्या डिस्कचा भाव गुणांवर नाही, कॅलेंडरवर चालतो. घ्यायची असेल तर नवी आवृत्ती आल्यावर जुनी घ्यावी आणि विकायची असेल तर ऑगस्टच्या आतच विकावी. सप्टेंबरात नवी आवृत्ती आली की एक्स्चेंजला अण्णा तिला हातही लावत नाहीत.